नर जनावरांची लघवी तुंबणे : बैल, बोकड आणि घरातला बोका

भाताची झोडणी आटोपते, पेंढ्याच्या उडव्या रचून होतात, गिरणीतून कोंड्याची पोती घरी येतात आणि थंडी पडू लागते. शहापूर-मुरबाडकडच्या गोठ्यांत लघवी तुंबण्याचे दुखणे दिसू लागते ते साधारण याच दिवसांत. बैल वैरण सोडतो, रवंथ थांबवतो, सारखा उठबस करतो, मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो. घरचे म्हणतात, पोट धरले. ओळखीच्या उपायाप्रमाणे तेल पाजले जाते, हिंग-ओवा दिला जातो, आणि दोन दिवस निघून जातात. वास्तविक पोट बिघडलेलेच नसते. मूत्रमार्गात खडा अडकून लघवी तुंबलेली असते आणि वाया गेलेले हे दोन दिवसच जनावराला वाचवण्याचे असतात.

हे दुखणे बैलाला होते, गोऱ्ह्याला होते, बकरी ईदसाठी खुराकावर ठेवलेल्या बोकडाला होते आणि भाताच्या कणग्यांची उंदरांपासून राखण करणाऱ्या घरातल्या बोक्यालाही होते. खडा किंवा भुकटी मादीच्या मूत्राशयातही तयार होते. परंतु गाय, शेळी, मांजरी यांचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने ती लघवीबरोबर वाहून जाते. नराचा मार्ग लांब, अरुंद आणि वळणाचा. म्हणून मादीत जे कळतही नाही, ते नराच्या जिवावर बेतते.

प्रस्तुत लेखक पशुवैद्यक नाही, कृषिविद्या शिकवणारा आहे. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, या आजाराचा उपचार पशुवैद्यकाच्या हाती असला तरी त्याची सुरुवात गव्हाणीत आणि पाण्याच्या हौदावर होते. तेथे आपण शेतकरीच मुखत्यार असतो.

खडा अडकतो कोठे?

मूत्राशयातून निघालेला मार्ग बैलात शेपटीखालून मागच्या पायांच्या मधून पुढे येतो आणि वृषणाच्या जागेपाशी नागमोडी वळण घेऊन पोटाखाली बेंबीजवळ बाहेर पडतो. या वळणाच्या पुढच्या टोकाशी खडा अडकतो. एखादा हरभऱ्याएवढा खडाही सबंध मार्ग बंद करण्यास पुरतो. बोकडात हे वळण आहेच, शिवाय शिस्नाच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, गांडुळासारखा बारीक शेपटा असतो. त्याचे छिद्र इतके लहान असते की, रव्याच्या कणाएवढी खरही तेथे अडकून बसते.

लहानपणीच खच्ची केलेल्या नरात धोका वाढतो. वृषणातील संप्रेरकामुळे मूत्रमार्गाची वाढ होते आणि शिस्न त्याच्या आवरणापासून सुटे होते. ते संप्रेरकच लवकर बंद केले तर मार्ग अरुंद राहतो. आपल्याकडे डांगी गोऱ्हे दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर खच्ची करण्याची पद्धत आहे, ती या दृष्टीने चांगलीच आहे. अडचण बोकडांची. ‘लवकर खच्ची केला की लवकर भरतो’ या समजुतीने महिना-दीड महिन्याच्या करडांचे खच्चीकरण होते. ते तीन महिन्यांच्या आत करू नये. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान करावे. तोवर नर करडे माद्यांपासून वेगळी ठेवावीत, कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ती माजावरच्या शेळ्यांना त्रास देऊ लागतात.

पेंढा, कोंडा आणि पाणी

भात हे पीक जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणात उचलते. वाळूत असते तेच हे द्रव्य. पिकाच्या दृष्टीने ही गोष्ट फायद्याची आहे. सिलिकामुळे पान ताठ राहते, रोप लोळत नाही आणि करपा रोगाला चांगले तोंड देते. मात्र जनावराच्या पोटात हीच सिलिका काही अंशी विरघळून लघवीत उतरते आणि लघवी घट्ट झाली की तिचे कठीण खडे बनतात. माळावरचे गवत दसरा-दिवाळीनंतर पूर्ण जून होऊन कापले जाते, त्यातही हाच दोष. भर म्हणजे भाताच्या पेंढ्यात ऑक्झॅलेट असते, ते पेंढ्यातला थोडाफार चुना बांधून ठेवते. जनावराला तो मिळत नाही. वाळलेल्या पेंढ्यात कॅरोटीन जवळजवळ नसते, म्हणजे अ जीवनसत्त्वाचीही वानवा. त्याअभावी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुटतात आणि त्यांच्याभोवती क्षार जमून खडा वाढू लागतो.

याचा अर्थ पेंढा घालू नये असा नाही. अडीच-तीन महिने पाऊस झोडपणाऱ्या या एकपिकी भागात पेंढ्यावाचून गुरे जगणार नाहीत, हे लेखकास ठाऊक आहे. पण पेंढा कोणता आणि कसा, याचा विचार व्हावा. इतर तृणधान्यांच्या उलट, भातात पानापेक्षा खोड अधिक पचते. सिलिका पानात जास्त असते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी. विळ्याने बुडातून कापलेल्या भाताचा पेंढा हा वरून कापलेल्या पेंढ्यापेक्षा चांगला. कापणी यंत्र आता या तालुक्यांतही दिसू लागले आहे. ते खोडाचा मोठा भाग शेतातच ठेवते आणि गोठ्यात पाने येतात, हे यंत्रवाल्याशी बोलताना लक्षात ठेवावे. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडणे व २१ दिवस झाकून ठेवणे ही प्रक्रिया पचनासाठी उपयुक्त आहे, परंतु तिने सिलिका जात नाही. त्या भरवशावर राहू नये.

कोंड्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. भाताच्या शुद्ध कोंड्यात स्फुरद साधारण दीड टक्का असते, तर चुना (कॅल्शियम) एक दशांश टक्काही नसतो. गव्हाच्या कोंड्याचेही थोड्याफार फरकाने तेच. जनावराच्या एकूण आहारात चुन्याचे प्रमाण स्फुरदाच्या दुप्पट असावे लागते. कोंड्यात ते पंधरापट उलटे आहे. रवंथ करणारे जनावर जादा स्फुरद लाळेतून पोटात व तेथून शेणावाटे बाहेर टाकते. परंतु त्यासाठी भरपूर चघळायला हवे, म्हणजे वैरण हवी. वैरण कमी व कोंडा-मका जास्त झाला की रवंथ कमी होते, लाळ कमी होते आणि स्फुरद लघवीतून जाऊ लागते. तेथे मॅग्नेशियम व अमोनियाशी त्याचा संयोग होऊन पांढरी, रव्यासारखी खर तयार होते. बोकडांत आढळतात ते बहुतेक हेच खडे. पेंढ्या-गवताचा खडा कठीण व कशानेही न विरघळणारा असतो. कोंड्याचा खडा मऊ असतो आणि लघवी आम्लधर्मी केली तर विरघळतो. हा फरक पुढे उपचारात उपयोगी पडतो.

येथे गिरणीविषयी थोडे. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र भरडून बाहेर पडतो. रबरी रोलरच्या गिरणीत तूस वेगळे निघते. १०० किलो भातात २० किलोच्या आसपास तूस असते आणि या तुसाची राख केली तर तिच्यातील ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका असतो. हलरचा ‘कोंडा’ म्हणून आपण जे पोते आणतो त्यात निम्म्याहून अधिक तूसच असते. चिमूटभर कोंडा दोन तळव्यांत चोळून पाहावा. मऊ, तेलकट लागला तर कोंडा, टोचला तर तूस. टोचणारा माल जनावराला न घालता खतखड्यात किंवा वीटभट्टीला द्यावा.

आता पाणी. तानसा तलाव १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवतो आहे, भातसाही याच शहापूर तालुक्यात आहे, आणि तरीही मार्च उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. माणसांना हंडा-दोन हंडे मिळत असताना बैलापुढे बादली ठेवा, असे सांगताना संकोच वाटतो. तरी हिशेब माहीत असावा. काम करणाऱ्या बैलास दिवसाला ३० ते ५० लिटर, ३० किलोच्या बोकडास ३ ते ४ लिटर पाणी लागते. कोरडी वैरण आणि ऊन असेल तर त्याहून अधिक. लघवी पातळ राहिली तर सिलिका असो की स्फुरद, बसायला वेळच मिळत नाही. ते वाहून जाते.

मात्र खडे केवळ उन्हाळ्यात होतात असे नव्हे. किंबहुना हिवाळ्याच्या महिन्यांत हा त्रास अधिक दिसतो, आणि तेव्हा विहिरी-ओढ्यांना पाणी असते! कारण साधे आहे. हिरवे गवत संपलेले असते, म्हणजे चाऱ्यातून मिळणारे पाणी बंद होते. सकाळचे पाणी गार असते, जनावर तोंड लावते आणि मागे घेते. काम नसल्याने ते दावणीलाच असते आणि ओढ्यावर दिवसातून एकदा नेले की झाले, अशी आपली समजूत असते. थंडीत दुपारी बारा-एकच्या सुमारास, ऊन लागून कोमट झालेले पाणी पुन्हा एकदा दाखवावे. विहिरीचे ताजे पाणी सकाळी मुळातच कोमट असते. ते काढल्याबरोबर द्यावे, रात्रभर हौदात गारठलेले देऊ नये. शेवाळ धरलेला हौद जनावर टाळते, तो आठवड्याला घासावा. आणि मीठ विसरू नये. मोठ्या बैलास रोज ३० ते ५० ग्रॅम, बोकडास ८ ते १० ग्रॅम मीठ आंबोणातून दिले की तहान लागते, पाणी जास्त प्यायले जाते आणि लघवी सैल होते. पाणी समोर नसेल तेथे मात्र मीठ वाढवू नये. उलट परिणाम होईल.

लक्षणे, आणि फसवा आराम

सुरुवातीला जनावर लघवीसाठी पवित्रा घेते, पाठ वाकवते, शेपटी उचलून हलवते, कुंथते, पण थेंब-थेंबच लघवी येते. कधी ती लालसर असते. दात खाते. बोकड ओरडतो, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पोटाखालच्या मूत्रद्वाराजवळचे केस पाहावेत. निरोगी नराचे ते ओलसर असतात. आजाऱ्याचे कोरडे, आणि बोटांत चोळल्यास पांढरी खर लागते. हे केस रोज चारा घालताना पाहण्याची सवय लावली तर रोग पूर्ण आडवा येण्याआधी आठ-पंधरा दिवस सुगावा लागू शकतो.

शंका आली की जनावर कोरड्या जागी बांधावे, खाली चुलीची कोरडी राख पातळ पसरावी आणि तीन-चार तास नजर ठेवावी. राख कोरडीच राहिली तर पोटफुगीचे औषध शोधत बसू नये. जनावर कुंथते ते शेण होत नाही म्हणून, असा समज सर्वात घातक ठरतो. शेण थोडे-थोडे पडतच असते. ते पाहावे, आणि लघवी पडते का तेही पाहावे.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यात वालाच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर जाणे-येणे असताना एका शेतकऱ्याकडे असा बैल पाहिला होता. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत घेतलेली नवी जोडी. नव्या बैलांचे कौतुक म्हणून सकाळ-संध्याकाळ पाटीभर कोंडा आणि नांगरणीला अवकाश असल्याने दिवसभर दावण. पहिले दोन दिवस बैल तळमळत होता, घरच्यांनी गोडेतेल पाजले होते. तिसऱ्या दिवशी तळमळ थांबली. बैल शांत उभा राहिला, चार काड्याही चघळल्या. ‘तेल लागू पडले,’ असे सांगून त्यांनी डॉक्टरांना पाठवलेला निरोप मागे घेतला. प्रत्यक्षात त्या रात्री मूत्राशय फुटले होते. फुटल्यावर ताण जातो, म्हणून दुखणे थांबते. लघवी मात्र पोटात साठत जाते, तिचे विष रक्तात भिनते. पुढे दोन्ही कुशी खालच्या बाजूने पखालीसारख्या सुटल्या आणि त्याच आठवड्यात बैल गेला. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा उपयोग राहत नाही. त्या घराने तो हंगाम उसन्या बैलावर काढला.

तेव्हा हे नीट लक्षात घ्यावे. लघवी झालेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तळमळ थांबणे म्हणजे आराम नव्हे. मार्ग पूर्ण बंद झाल्यापासून साधारण दोन ते तीन दिवसांत मूत्राशय फुटते. काही जनावरांत मूत्राशयाऐवजी मूत्रमार्ग फुटतो. मग पोटाखाली, मूत्रद्वाराच्या मागे थुलथुलीत सूज येते आणि तेथील कातडी पुढे काळी पडून सडते.

डॉक्टर येईपर्यंत

पहिल्याच दिवशी तालुक्याच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. निरोप देताना ‘बैल आजारी आहे’ एवढेच न सांगता ‘नर आहे, अमुक तासांपासून लघवी नाही’ असे सांगावे, म्हणजे डॉक्टर तयारीने येतील. बैलाला फुगलेल्या मूत्राशयासह टेम्पोत घालून खड्ड्यांच्या रस्त्याने न्यावे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

तोपर्यंत तेल, काढा, सोडा, काहीही पाजू नये. कुळथाचे पाणी आणि गोखरूचा काढा यांवर आपल्या भागात मोठा विश्वास आहे. लघवी वाहती असताना कुळथाचे पाणी पाजल्यास बिघडत नाही, निदान पाणी तरी पोटात जाते. परंतु मार्ग बंद झाल्यावर लघवी वाढवणारा कोणताही उपाय म्हणजे तोंड बांधलेल्या पखालीत आणखी पाणी ओतणे आहे. लघवी सुटण्याची इंजेक्शने स्वतःच्या मनाने टोचणे हाही तोच प्रकार. पोट दाबू नये. मूत्रद्वारात काडी, तार, तिखट घालण्याचे प्रकार कोणी सुचवील, ते करू देऊ नयेत. खुराक ताबडतोब बंद करावा.

बोकडात डॉक्टर प्रथम शिस्न बाहेर काढून टोकाचा तो बारीक शेपटा पाहतात. खडा तेथेच असेल तर शेपटा कापून टाकतात आणि काही वेळा तेवढ्यानेच धार सुटते. पैदाशीच्या नरालाही याने सहसा बाधा येत नाही. खडा आणखी मागे असेल तर शस्त्रक्रिया लागते. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे मूत्रमार्ग उघडून खडा काढणे किंवा शेपटीखाली लघवीला नवे तोंड करून देणे. नव्या तोंडाचा बैल नांगराला, गाडीला चालतो, नर मात्र पैदाशीस निकामी होतो. दुसरी पद्धत, जी आता पुष्कळ वापरली जाते, ती म्हणजे पोटाच्या कातडीतून थेट मूत्राशयात रबरी नळी बसवणे. लघवी नळीने बाहेर जात राहते, जनावर लगेच सैल होते आणि दरम्यान नवसागर देऊन मार्गातले मऊ खडे विरघळवले जातात. दहा-पंधरा दिवसांत नैसर्गिक मार्गाने धार येऊ लागली की नळी काढतात. या काळात नळी दुसऱ्या जनावराने ओढू नये म्हणून रोगी वेगळा बांधणे आणि नळी ठिबकते आहे ना हे दिवसातून चार वेळा पाहणे, हे घरच्यांचे काम. तालुक्यात सोय नसेल तर डॉक्टर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवू शकतात. १८८६ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्याला जवळच आहे.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. आपल्याकडे हे नाव हातभट्टीमुळे अधिक प्रसिद्ध, म्हणून खुलासा केलेला बरा. लघवी आम्लधर्मी करण्यासाठी ३० किलोच्या बोकडास दिवसाला ७ ग्रॅमच्या आसपास देतात. परंतु मात्रा वजनावर ठरते, फार दिवस दिल्यास हाडांतील चुना जातो आणि पेंढ्या-गवताच्या कठीण खड्यावर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि औषधी प्रतीचाच घ्यावा, बाजारातला कल्हईचा नव्हे.

मूत्राशय फुटलेला बोकड घाईघाईने खाटकाला देण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. लघवी पोटात पसरलेल्या जनावराच्या मांसाला तिचा वास येतो आणि ते खाण्यास योग्य राहत नाही. द्यायचाच तर तो निर्णय पहिल्या दिवशी, डॉक्टरांना विचारून करावा.

बोकडाच्या खुराकाचा हिशेब

ईदच्या आधी देवनारच्या बाजारात किंवा भिवंडी-कल्याणकडच्या गिऱ्हाइकाला विकायचा बोकड तीन-चार महिने खुराकावर असतो. ३० किलोच्या अशा बोकडास समजा रोज ३०० ग्रॅम कोंडा, २०० ग्रॅम मका आणि ४०० ग्रॅम वाळले गवत दिले. यातून साधारण साडेपाच ग्रॅम स्फुरद आणि जेमतेम दीड ग्रॅम चुना मिळतो. हवे चुन्याचे दुप्पट, आहे जवळजवळ चौपट उलटे. अंगावर चकाकी येते, वजन वाढते आणि विक्रीला पंधरा दिवस राहिले असताना बोकड लघवीवाचून तडफडू लागतो. खर्च सगळा झालेला असतो.

तोच कोंडा १०० ग्रॅमवर आणावा, मका १५० ग्रॅम ठेवावा, गवत ३०० ग्रॅम आणि सोबत सव्वा किलो हिरवा पाला द्यावा: शेवरी, सुबाभूळ, उंबर, बोर, मिळेल तसा मिश्र. स्फुरद तीन ग्रॅमच्या आत येते आणि चुना सहा ग्रॅमच्या आसपास जातो. प्रमाण एकास दोन झाले, आणि तेही विकत काही न आणता. पाल्यातले पाणी आणि कॅरोटीन हा वरचा फायदा. सुबाभूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावे, त्यातील मायमोसिनने केस गळतात. वजन थोडे सावकाश भरेल, हे खरे. त्यासाठी मूठभर शेंगदाणा पेंड द्यावी, कोंडा वाढवू नये.

पाला मिळतच नसेल तर चुनखडीची भुकटी वापरता येते. १० ग्रॅम भुकटीतून सुमारे पावणेचार ग्रॅम चुना मिळतो. खनिज मिश्रण घेताना पिशवीवरचा मजकूर वाचावा. डायकॅल्शियम फॉस्फेट असलेले मिश्रण दुभत्या जनावरास उत्तम, पण कोंड्यावरच्या बोकडास ते देणे म्हणजे स्फुरदात स्फुरद घालणे. आणि पाला म्हणून केवळ सुबाभूळ-लसूणघासच महिनोन्‌महिने घालू नये. चुना अतोनात झाला तर चुन्याचेही खडे होतात.

खुराक एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावा. एकाच वेळी पोटभर आंबोण खाल्ले की पुढचे काही तास लघवी कमी व घट्ट होते. आधी वैरण, मग आंबोण हा क्रम ठेवावा. बैलांनाही हेच लागू. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता कायम केल्यापासून शर्यतीच्या बैलांवर खुराकाची जी उधळण चालते तीही याच नजरेने तपासावी.

बांधावर शेवरीची आणि उंबराची लागवड, भातानंतर ओलाव्यावर वाल, चवळी, हरभरा, आणि त्यांचा भुसा जाळून न टाकता पेंढ्यात मिसळून घालणे, एवढे केले तरी गव्हाणीतला चुन्याचा तोटा बराच भरून निघतो. वालाचा पाला-भुसा तर या भागातली सहज मिळणारी वैरण आहे.

बोक्याचे काय?

मांजराचा विषय शेतीच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याच्या कणगीत घुशी शिरल्या आहेत तो म्हणणार नाही.

बोक्यात खड्याऐवजी बहुधा चिकट स्राव आणि बारीक खर यांचे बूच बसते. मूत्रमार्ग शिस्नापाशी निमुळता होतो, तेथे ते अडकते. साधारण दोन ते सहा वर्षांचे, अंगाने सुटलेले, घरातच बसून राहणारे बोके अधिक सापडतात. मांजराची जात मुळात कोरड्या प्रदेशातली; ते पाणी कमी पिते आणि घट्ट लघवी करते. आपण त्याला सुकट, बोंबलाची डोकी, कोरडा भात किंवा आता शहरी पाहुण्यांनी शिकवलेले पाकिटातले कोरडे खाद्य घालतो आणि पाण्याची वाटी ठेवायची विसरतो. भीती, भांडण, घरात आलेले नवे कुत्रे अशा ताणानेही मूत्राशयाला सूज येते, असे आता दिसून आले आहे.

बोका राखेच्या ढिगाकडे, वाळूकडे पुन्हा पुन्हा जातो, बसून कुंथतो, ओरडतो, मूत्रद्वार चाटत राहतो. येथेही घरचे ‘शौचाला होत नाही’ असेच समजतात. नंतर तो कोपऱ्यात दडतो, ओकतो, थंड पडू लागतो. बैलाला दोन-तीन दिवसांची तरी मुदत असते. बोक्याला ती नाही. लघवी पूर्ण बंद झाल्यापासून २४ ते ४८ तासांत रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय मंदावते. पोटात कडक गोळा लागतो, तो दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये, मूत्राशय फुटते. दुखते म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर कदापि देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते. झाकणाच्या टोपलीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तेथे भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात, सलाईन देतात आणि एक-दोन दिवस नळी ठेवतात.

बरा झालेला बोका पुन्हा अडण्याची शक्यता बरीच असते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. त्याला कोरडे न घालता भात माशाच्या बिनमिठाच्या पाण्यात कालवून सैल करून घालावा, सुकट द्यायचीच तर रात्रभर भिजवून, पाणी टाकून द्यावी. पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात वेगवेगळ्या जागी, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. राखेची पाटी त्याला निवांत जागी द्यावी आणि सकाळी ती ओली झाली आहे का, एवढे मुलांपैकी कोणाला तरी पाहायला सांगावे.